बाबू म्हणते, "पाणी द्यायचे किती देशीन?"

सल्ला मागणारं एक पत्र आलं आहे, ते थोडक्यात असं. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले कास्तकार भाऊ, वय एक्केचाळीस, पाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर-सोयाबीन. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. भाऊ लहान असताना त्यांचे बाबा त्यांना दिवाळीच्या सुट्टीत बायांसोबत कापूस वेचायला लावायचे आणि बायांना जो दर तोच पोराला द्यायचे, बाजाराच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर हातावर पैसे. नंतर बंडीवर बसवून मार्केटात न्यायचे, काट्याची पट्टी, म्हणजे वजन-भावाची पावती, त्यालाच वाचायला लावायचे. त्या पैशातून भाऊंनी सेकंडहँड सायकल घेतली होती. आपल्या पोरालाही कष्टाची किंमत कळावी म्हणून त्यांनी यंदा उन्हाळ्यापासून घरात दर लावले, बकऱ्यांना चारा टाकला १० रुपये, पाण्याचा ड्रम भरला १०, अंगण झाडलं ५, दुकानातून सामान आणलं ५. पोळ्यापर्यंत मस्त चाललं. मग एक दिवस आजीने पाणी मागितलं तर पोरगं मोबाईलमधून मान वर न करता म्हणते, "किती देशीन?" आजी रडली, दोन दिवस नीट जेवली नाही. बायको म्हणते हे सगळं बंद करा, पोराला अभ्यास करू द्या, आपल्याला त्याला वावरात ठेवायचंच नाही. भाऊ विचारतात की दर चालू ठेवू की बंद करू. शेवटी ता.क. मध्ये दोन ओळी: यंदा गावच्या सहकारी सोसायटीचं पीक कर्ज थकलं, नोटीस आली, लेकरांना सांगितलं नाही, रात्री झोप येत नाही, "पण हे विषयाला सोडून आहे."

भाऊ, खरं सांगू का, "किती देशीन" वाचून मी आधी हसले आणि मग आजीचं वाचलं आणि हसू जागच्या जागी राहिलं.

पण पोट्टं बिघडलं असं मला नाही वाटत बुवा. तुम्ही चार महिने त्याला जे शिकवलं ते त्याने बरोब्बर पाठ केलं एवढंच झालं. तुम्ही शिकवलं की या घरात उठून काही केलं की त्याचा दर असतो, आणि आजीने काम सांगितलं, तर त्याने दर विचारला. तुमच्या यादीत आजीचं पाणी नव्हतं म्हणून त्याला माहीत नव्हतं ते ५ मध्ये येते की १० मध्ये. आता तुम्ही म्हणाल एवढी अक्कल नको का बारा वर्षांच्या पोराला, तर हो, पाहिजे, पण ती यायला त्याला घरात बिनदराचं काम पण दिसलं पाहिजे ना, म्हणजे दिसते तर सकाळपासून रात्रीपर्यंत, पण कोणी त्याला ते काम म्हणतच नाही. तुमचं दरपत्रक मी दोनदा वाचलं. त्यात चुलीचं काही नाही, धुण्याचं नाही, शेण काढायचं नाही, आजीला दवाखान्यात न्यायचं नाही. कारण ती कामं वहिनी करतात आणि वहिनींना दर नाही. मग पोरगं काय शिकलं, की मी करतो ते काम आणि आई करते ते असंच असते, आपोआप होते. आणि तुमची नऊ वर्षांची मुलगी तर सगळ्या पत्रात एकदाच आली, वय सांगायला. ती अंगण झाडते का, आणि झाडलं तर तिलाही ५ मिळतात का, हे तुम्ही लिहिलंच नाही. मला वाटते ती झाडत असेल आणि फुकट झाडत असेल, चूक असेल तर कान धरा माझा.

आता तुमच्या बाबांकडे येऊ, कारण सगळं पत्र त्यांच्यावर उभं आहे. तुम्ही लिहिता की बाबांनी मला कष्टाला लावलं म्हणून मी पायावर उभा आहे. कष्ट तर त्या काळी गावातल्या सगळ्याच पोरांनी केले, भाऊ. तुमच्या बरोबरीचे किती जण वेचणीला होते आठवा, आणि त्यातल्या कितींना आज पैशाचा हिशेब जमते तेही आठवा. नुसत्या कष्टाने पैसा कळत असता तर आपल्याकडे सगळ्यात श्रीमंत रोजमजुरीच्या बाया असत्या. मला तुमच्या गोष्टीत दुसरंच काहीतरी दिसते.

माझी एक गोष्ट सांगते, म्हणजे माझं म्हणणं समजेल. मी दहा-अकराची असेन, दिवाळीच्या सुट्ट्या. आई दुसऱ्याच्या वावरात वेचायला जायची आणि मी तिच्यामागे. कमरेला फडकं बांधायचं, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघायची, संध्याकाळी धुऱ्यावरच्या लिंबाला ताणकाटा टांगायचे आणि एकेकीचं गाठोडं लागायचं. आईने माझं गाठोडं वेगळं ठेवलं होतं, तिच्यात मिसळलं नाही. काटा साडेसहावर थांबला. मालकाचा माणूस वहीत लिहायला लागला सहा, लहान पोरींचं वरचं अर्धं सोडूनच द्यायचे, तशी रीतच होती, कोणी बोलत नव्हतं. आई म्हणाली, "पोरीचं साडेसहा हाये, साडेसहा लिवा." तो हसला, म्हणाला काऊन वो, अर्ध्या किलोसाठी. आई काही भांडली नाही, ओरडली नाही, फक्त तिथेच उभी राहिली, बाकी बाया मागे खोळंबल्या तरी उभी राहिली, शेवटी त्याने सहाच्या पुढे दोन उभ्या रेघा मारल्या, ६॥, आणि आईने मला वही दाखवली, पाह्य म्हणे. त्या पैशातून मी काय घेतलं ते आज डोळ्यांपुढे येत नाही पण त्या दोन रेघा येतात. पुढे नोकरीत पगाराच्या स्लिपवर कपात चुकली की साहेबासमोर जाऊन उभी राहायची मी, न बोलता, ती सवय त्या लिंबाखालची आहे.

तर तुमच्या बाबांनी पण तेच केलं बघा. पोराला बायांचाच दर दिला, सगळ्यांसमोर दिला, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काट्याची पट्टी वाचायला दिली, म्हणजे त्याला कळलं की आपण वेचलेला कापूस कुठे जाते, काय भावाने जाते, हमाली-तोलाई किती कटते आणि घरी किती येते. तुमच्या पोराला काय दिसते? ड्रम भरला की १० रुपये. ते १० कुठून आले ते त्याला माहीत नाही. तुमच्या खिशातून आले, तुमच्या खिशात कुठून आले ते कोणी बोलत नाही, आणि आता तर खिशातूनही नाही येत, दुकानात फोन दाखवला, टिंग वाजलं, सामान आलं. आमच्या लहानपणी निदान नोट मोडताना आईचं तोंड कसं व्हायचं ते तरी दिसायचं.

म्हणून माझं उत्तर, दर बंद करा, पण वहिनी म्हणतात तसं सगळंच बंद करू नका.

आणि बंद करताना घाईने नका करू. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपते तेव्हा आपण काय करतो, हिशेब चुकता करतो मग नवीन बोलणं. तसंच करा. पोराला बसवा, त्याचे किती निघतात ते त्यालाच मांडायला सांगा, जेवढे निघतात तेवढे हातावर द्या, एक रुपया कमी नाही. रागाच्या भरात "आजीला असं बोलला, आता काहीच भेटणार नाही" केलं तर तो शिकेल की मालकाचं डोकं फिरलं की मजुरी बुडते, आणि ते त्याला तुमच्याकडून शिकायची गरज नाही, दुनिया शिकवेलच. मग सांगा की भाऊ, घरातल्या कामाला दर लावला ती माझी चूक झाली, घर आपलं सगळ्यांचं आहे, ड्रम, अंगण, बकऱ्या, ताट उचलणं, हे आता वाटून घ्यायचं, तुझ्या वाट्याला काय, बहिणीच्या काय, माझ्या काय. तुमच्याही वाट्याला घ्या काही, नाहीतर मजा नाही. तुम्ही चूक झाली म्हणालात तर इज्जत कमी होईल असं वाटत असेल तर नाही होणार, बापाला चूक कबूल करताना पाहायला लेकरांना लई आवडते, माझा अनुभव आहे.

आजीचं काय करायचं? आता कोणी तुम्हाला सांगेल की आजीने उलट बिल द्यावं, अंगाई इतके, तेल मालिश इतके, एकूण शून्य, तो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड मलाही दहादा आलाय. नका करू. पोराला लाज वाटेल, शिकेल काही नाही. तुम्ही स्वतः रोज संध्याकाळी वावरातून आल्यावर आजीला पाणी नेऊन द्या, काही न बोलता. आठवडाभरात तो तांब्या तुमच्या हातातून कोण घेते ते बघा. बहुतेक मुलगीच घेईल आधी, तेव्हा तिला म्हणा थांब बेटा, आज दादाची पाळी.

दर लावायचाच असेल तर तो जिथून घरात पैसा येते तिथल्या कामाला लावा. दिवाळीच्या सुट्ट्या येतच आहेत. वेचणीला दोघांनाही न्या, दोन-तीन तास, ऊन चढायच्या आत परत, बायांचाच दर द्या आणि गाठोडी वेगळी लावा. एक सांगून ठेवते कारण हे वाचणारे बाकीचे पण आहेत, चौदाच्या आतल्या लेकराला दुसऱ्याकडे कामाला पाठवणं कायद्यात बसत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली, त्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतीत मदत चालते पण धोक्याचं काम नाही. आणि फवारा तर अजिबात नाही, पंप भरून देणंसुद्धा नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्या बाजूच्याच जिल्ह्यात झालं, त्यात काही विसरण्यासारखं नाही.

वहिनींना वाटते हे सगळं म्हणजे अभ्यास सोडून वावरात जाणं. वहिनी, तुमचं अर्धं बरोबर आहे, त्याला वावरात ठेवायचं नसेल तर नका ठेवू. पण हिशेब फक्त कास्तकारालाच लागते असं कोण म्हणते, पुण्यात चांगल्या पगारावर असलेली आपल्याकडची पोरं मोबाईलवर लोन घेऊन घेऊन बसलीत, त्यांना टक्केवारी शाळेत शिकवलीच होती की, शंभरपैकी शंभर मार्क असतील. शाळेतली टक्केवारी त्यांना स्वतःच्या पैशावर लावून पाहायला कोणी दिली नव्हती.

आता बघा, तुमच्याकडे कापूस आहे म्हणजे सातवीचं अर्धं गणित आहे. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, तो ८ टक्के ओल असेल तर. त्याच्या वर एकेक टक्का वाढला की एकेक टक्का भाव कापतात, म्हणजे ८१ रुपये १० पैसे, आणि १२ च्या वर ओल गेली की सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, घेतच नाही. पोराला विचारा, आपला ११ टक्के निघाला तर किती? ७,८६६ रुपये ७० पैसे. दहा क्विंटल असेल तर २,४३३ रुपये ओलीत गेले. मग त्याला विचारा ही ओल आली कुठून. सकाळी दव असताना वेचला, घाईने बोद भरले, वाळवला नाही. पुढच्या सकाळी तो स्वतः म्हणेल की बाबा, दव उतरू द्या. मोबाईलवर बसलेलाच असते ना तो, तर सीसीआयच्या कपास किसान अॅपवर नोंदणी करताना त्यालाच जवळ घेऊन बसा, तुमच्यापेक्षा लवकर करेल. आणि मार्केटात न्या, पोरीला पण न्या. "पोरीची जात, मार्केटात कुठे" असं गावात कोणी म्हटलं तर म्हणू द्या. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क पोराएवढाच आहे, उद्या सातबाऱ्यावर तिचंही नाव येईल आणि तेव्हा तिला पट्टी वाचता आली नाही तर सही कुठे करायची ते दुसराच कोणी सांगेल.

घरच्या घरी करायची अजून एक गोष्ट, फुकटातली. आठवडी बाजाराच्या दिवशी फोन घरी ठेवा, दोघांच्या हातात मिळून ५०० रुपये कॅश द्या आणि यादी द्या, भाजी, मीठ, मिरची, आजीचा तंबाखू का काय लागते ते. उरले ते परत आणायचे आणि हिशेब तोंडी सांगायचा. पहिल्या बाजाराला ते फसतील, वांगे किडके आणतील, एखादा भज्यांचा पुडा हिशेबातून गायब असेल. ओरडू नका. माझ्या भावाच्या पोराने पहिल्यांदा २० रुपयांची कोथिंबीर आणली होती, एवढी मोठी जुडी, दुपारी त्याच बाजारात ५ ला मिळत होती, पोरगं आजही पाच दुकानं फिरल्याशिवाय काही घेत नाही, त्याची बायको वैतागते.

आणि बोजारा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन लेकरं घरोघरी फिरतात, तेव्हा जमलेले ते पैसे कुठे गेले तुमच्याकडे? बहुतेक घरात "दे, मी ठेवून देते" म्हणून आईच्या डब्यात जातात आणि मग गॅस सिलिंडरमध्ये विरघळतात, लेकराला पुढच्या पोळ्यापर्यंत त्याचा पत्ता नसते. घरात अडचण असेल तर घ्या की, पण मागून घ्या, उसने घ्या, तारीख सांगा आणि त्या तारखेला परत द्या. पोरगा दहाच्या वर आहे, पोस्टात त्याचं स्वतःच्या सहीने चालवायचं बचत खातं निघते, बँकेतही बऱ्याच ठिकाणी निघते. मुलगी अजून दहाची झाली नाही तर सुकन्या समृद्धीचं खातं तिच्या नावाने काढायला वेळ आहे, वर्षाला २५० रुपये भरले तरी चालू राहते. नऊ पूर्ण झालीत म्हणता ना, मग हे काम दिवाळीनंतरवर नका ढकलू.

पोराने त्याचे सगळे पैसे रिचार्जवर उडवले तर? तर उडवू द्या एकदा. संपले की संपले, मधेच भर टाकायची नाही एवढंच.

आता ता.क. तुम्ही लिहिलं हे विषयाला सोडून आहे. भाऊ, मला तर वाटते पत्र तिथूनच सुरू होते.

तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे, बाबा गेल्यावर तेराव्याच्या आत सोसायटीचा माणूस आला आणि तेव्हा कळलं की बाबांवर कर्ज होतं. म्हणजे ज्या बाबांनी पट्टी वाचायला लावली त्यांनी कर्ज मात्र दाखवलं नाही. आलेला पैसा दाखवला, देणं लपवलं. मी त्यांना दोष देत नाही, तेव्हा सगळेच बाप तसे होते. माझी आई, तीच साडेसहावाली, ती सुद्धा तुरीच्या डाळीच्या डब्यात पैसे लपवायची, बाबांपासून, आणि तिला कारण होतं. मला कारण नव्हतं तरी लग्नानंतर कितीतरी वर्षं मी नवऱ्याला पगारवाढ सांगितली नाही. चांगला माणूस आहे, सांगितलं असतं तर काही बिघडत नव्हतं, पण हात आपोआप डाळीच्या डब्याकडे जायचा. तर लेकरं साडेसहा पण शिकतात आणि डबा पण शिकतात.

आणि तुमच्या लेकरांना माहीत नाही असं तुम्हाला वाटते. नोटीस आली तेव्हा घरात कोण होतं? तुम्ही रात्री उठून ओसरीत बसता ते कोणाला दिसते? आपल्या भागात कर्ज हा शब्द लेकरांच्या कानावर कशा संदर्भात पडते ते मी तुम्हाला सांगायला नको. घरातले गप्प असले की लेकरू त्या गप्प राहण्यात शाळेत ऐकलेलं, टीव्हीवर पाहिलेलं भरते. म्हणून सांगा. पूर्ण आकडा सांगायची गरज नाही, वहिनींसोबत बसून एवढं सांगा की यंदा पीक कमी झालं, सोसायटीचे पैसे भरायचे राहिले, ते मी आणि आई भरणार आहोत, तुमचं काम नाही ते, फक्त यंदा नवीन मोबाईल नाही आणि दिवाळीला कपडे एकेकच. आणि ते विचारतील ते विचारू द्या. पोरगं कदाचित म्हणेल माझे ड्रमचे पैसे घ्या. घेऊ नका, पण तोंडावर "नाही" असंही म्हणू नका, म्हणा लागले तर मागेन.

सोसायटीत गटसचिवाकडे नोटीस घेऊन स्वतः जा, तो यायची वाट पाहू नका. पुनर्गठन, म्हणजे थकलेलं कर्ज नव्या हप्त्यांत बांधून देणं, होते का ते विचारा. ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत आपल्याला व्याज पडत नाही, तारीख हुकली की ती सवलत गेली, तर आता नेमकं किती व्याज चढलं ते कागदावर लिहून मागा. आणि हे मिटवायला गावातल्या कोणाकडून शेकडा तीनने उचलू नका, तीन ऐकायला लहान वाटते, पण ते महिन्याचे असतात, वर्षाचे ३६ झाले.

झोप येत नाही त्याला हलकं घेऊ नका. वहिनींना आकडा माहीत आहे का पूर्ण? नसेल तर लेकरांच्या आधी त्यांना सांगा, आज रात्रीच. आणि डोक्यात उलटसुलट काही यायला लागलं, किंवा नुसतंच कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री पण लागते, मराठीत बोलतात. लाजू नका.

मार्केटात गेलात की पट्टीचा फोटो पाठवा मला, पोराने वाचलेली. आणि मुलीचं गाठोडं किती भरलं तेही लिहा, वरचं अर्धं न सोडता.